बॅकअप सॉफ्टवेअर फुकट, मग खर्च कुठे? छोट्या ऑफिससाठी बॅक्युलाच्या आभासी डिव्हाइसचा हिशेब

सीएचे ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, आर्किटेक्टचा स्टुडिओ, पतसंस्था किंवा छोटा कारखाना. जिथे दहा-बारा संगणक आणि एक सर्व्हर आहे, तिथे बॅकअपसाठी बहुधा दोनच वाटा सुचवल्या जातात. एक म्हणजे संध्याकाळी यूएसबी हार्ड डिस्क लावून फोल्डर कॉपी करणे. दुसरी म्हणजे संगणकागणिक दरवर्षी पैसे भरून तयार सॉफ्टवेअर घेणे. पहिल्या वाटेत सगळी भिस्त एका माणसाच्या आठवणीवर राहते. दुसऱ्या वाटेत खर्च कधी थांबत नाही. तिसरीही एक वाट आहे: नेटवर्कवरून सगळ्या संगणकांचा बॅकअप रोज रात्री आपोआप एका जागी आणणारे मुक्त सॉफ्टवेअर.

या लेखात त्यातल्या बॅक्युला या सॉफ्टवेअरचा हिशेब मांडला आहे. केर्न सिबाल्ड यांनी २००० च्या जानेवारीत ते लिहायला घेतले आणि २००२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या भांडारात ते मिळते आणि त्याला लायसन्स फी नाही. त्याच्याच मूळ कोडमधून २०१० मध्ये वेगळा झालेला जर्मनीतला बॅरिओस हा प्रकल्पही बहुतांशी याच पद्धतीने चालतो, त्यामुळे पुढचे आकडे त्यालाही जवळपास लागू पडतात.

सॉफ्टवेअर फुकट असले तरी बॅकअप फुकट नसतो. पैसे जातात डिस्कमध्ये, ते बसवून देणाऱ्याच्या तासांमध्ये आणि डेटा परत आणून पाहण्याच्या कामात. यांतला डिस्कचा खर्च किती होणार, हे दुकानात ठरत नाही. ते कॉन्फिगरेशनच्या फाइलमधल्या मोजक्या आकड्यांवर ठरते. म्हणून आधी आकडे आणि मग खरेदी, हा क्रम सोडू नका.

डिव्हाइस म्हणजे प्रत्यक्षात काय

बॅक्युलाचे चार भाग लक्षात ठेवले की पुरे. डायरेक्टर हा कोणाचा बॅकअप कधी घ्यायचा ते ठरवतो. प्रत्येक संगणकावर बसणारा फाइल डिमन त्या संगणकावरच्या फाइली वाचून पाठवतो. स्टोरेज डिमन त्या घेऊन साठवतो. कॅटलॉग हा डेटाबेस कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद ठेवतो. कॅटलॉगसाठी सहसा पोस्टग्रेएसक्यूएल वापरतात.

हे सॉफ्टवेअर घडले ते टेपच्या काळात. त्यामुळे त्याची सगळी भाषा टेपची आहे. डिव्हाइस म्हणजे टेप ड्राइव्ह, व्हॉल्यूम म्हणजे एक टेप, पूल म्हणजे टेपांचा गठ्ठा आणि ऑटोचेंजर म्हणजे टेपा आपोआप बदलणारे यंत्र. आज नवा एलटीओ टेप ड्राइव्ह घ्यायचा तर काही लाख रुपये मोजावे लागतात, छोट्या ऑफिसला ते परवडत नाही. म्हणून बॅक्युला साध्या हार्ड डिस्कवरच टेपचे रूप उभे करतो. आभासी डिव्हाइस म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर आणि त्यातली एकेक मोठी फाइल म्हणजे एकेक व्हॉल्यूम.

टेप आणि फाइल यांच्यात एक फरक आहे आणि खर्चाची मेख त्यातच आहे. टेप भरली की संपते, फाइल संपत नाही. तुम्ही मर्यादा लिहिली नाही, तर पहिल्या रात्री बनलेले व्हॉल्यूम महिनोन्‌महिने वाढतच राहते. ते उघडे असेपर्यंत त्याची मुदत मोजायला सुरुवातही होत नाही, मग त्यातला जुना डेटा निघणार कुठून? स्वयंपाकघरातल्या डब्यासारखेच हे आहे: डबा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो धुऊन पुन्हा भरता येत नाही, तळाशी मूठभर उरले तरी अख्खा डबा अडून राहतो. एकच मोठे व्हॉल्यूम ठेवले की डिस्क भरते आणि नेमका गरजेच्या आठवड्यात बॅकअप थांबलेला असतो. म्हणून डबे लहान ठेवायचे, संख्येने जास्त ठेवायचे आणि एकूण किती ठेवायचे तेही लिहून ठेवायचे.

डिस्कचा खर्च ठरवणारे चार आकडे

हे चारही आकडे पूलच्या नोंदीत लिहायचे असतात.

मॅक्सिमम व्हॉल्यूम बाइट्स: एक व्हॉल्यूम किती मोठे होऊ द्यायचे.

मॅक्सिमम व्हॉल्यूम्स: पूलमध्ये एकूण किती व्हॉल्यूम बनू द्यायची.

व्हॉल्यूम रिटेन्शन: व्हॉल्यूममध्ये शेवटचे लिहून झाल्यावर ते किती दिवस जपायचे.

व्हॉल्यूम यूज ड्युरेशन: व्हॉल्यूम पहिल्यांदा वापरल्यावर किती काळाने ते अर्धे असले तरी बंद करायचे.

पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या पूलची कमाल जागा. बॅक्युलाच्या नमुना फाइलमध्ये फाइल नावाचा जो पूल येतो, त्यात व्हॉल्यूमचा आकार ५० जीबी, संख्या १०० आणि मुदत ३६५ दिवस असते. गुणाकार केला की ५ टीबी होतात. तुम्ही ४ टीबीची डिस्क आणली आणि ही नमुना फाइल तशीच ठेवली, तर सॉफ्टवेअरच्या मते जागा शिल्लक असतानाच डिस्क भरून जाईल. बसवून देणारा माणूस 'डीफॉल्ट सेटिंग चांगलेच असते' म्हणाला, तर हा गुणाकार त्याच्यासमोर ठेवा.

मर्यादा नीट लिहिली असेल तर जागा कमी पडल्यावर बॅक्युला नव्या व्हॉल्यूमची वाट पाहत थांबतो आणि ईमेल पाठवतो. मर्यादा नसेल तर डिस्क शंभर टक्के भरते. कॅटलॉगही त्याच डिस्कवर असेल तर डेटाबेससुद्धा बंद पडतो. पहिली अडचण दहा मिनिटांत सुटते, दुसरीसाठी तंत्रज्ञाला बोलवावे लागते.

आणखी दोन बारकावे. मुदत संपलेले व्हॉल्यूम पुन्हा वापरासाठी मोकळे झाले, तरी डिस्कवरची त्याची फाइल लगेच लहान होत नाही. त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत किंवा ती मुद्दाम रिकामी करेपर्यंत तेवढी जागा व्यापलेलीच दिसते. त्यामुळे डिस्क भरल्यासारखी वाटली म्हणून घाईने नवी आणू नका, आधी व्हॉल्यूमची यादी पाहा. दुसरे असे की पूलमधला आकडा बदलला तरी आधी बनलेल्या व्हॉल्यूमना तो आपोआप लागू होत नाही. त्यासाठी कन्सोलमधून, म्हणजे बॅक्युलाला आदेश देण्याच्या खिडकीतून, अपडेटचा आदेश द्यावा लागतो. हे न केल्यामुळे 'सेटिंग बदलले, तरी काही फरक नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते.

जागेचे गणित: एक मांडून पाहू

समजा, दहा संगणक आणि एक सर्व्हर मिळून ५०० जीबी डेटा आहे आणि रोज साधारण ५ जीबी नवे किंवा बदललेले जमा होते. स्कॅन केलेले कागद, फोटो, पीडीएफ असतील तर कॉम्प्रेशनने फारसे काही वाचत नाही, म्हणून ते धरलेले नाही. बॅक्युलाचे नमुना वेळापत्रक असे आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण बॅकअप, उरलेल्या रविवारी डिफरन्शियल म्हणजे मागच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेले सगळे, आणि सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल म्हणजे फक्त आदल्या रात्रीनंतरचे.

चार आठवड्यांच्या महिन्याचा हिशेब असा: पूर्ण बॅकअप ५०० जीबी. तीन डिफरन्शियल ३५, ७० आणि १०५ जीबींचे, म्हणजे २१० जीबी. इन्क्रिमेंटल सुमारे १२० जीबी. एकूण ८३० जीबी.

हे सगळे एकाच पूलमध्ये टाकून तीन महिने जपायचे ठरवले, तर चार महिन्यांची जागा लागते, कारण नवा पूर्ण बॅकअप लिहून होईपर्यंत जुना टाकता येत नाही. चार गुणिले ८३० म्हणजे ३,३०० जीबींच्या वर. चार टीबीची डिस्क संगणकात प्रत्यक्षात ३.६ टीबीच दिसते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच काठोकाठ, आणि दुकानदार ६ किंवा ८ टीबीची डिस्क सुचवणार.

तेच काम तीन पूलमध्ये वाटले तर चित्र बदलते.

पूर्ण बॅकअपचा पूल: मुदत ९० दिवस, व्हॉल्यूम ५० जीबींचे, संख्या ४४. कमाल २,२०० जीबी.

डिफरन्शियलचा पूल: मुदत ४० दिवस, व्हॉल्यूम १० जीबींचे, संख्या ४८. कमाल ४८० जीबी.

इन्क्रिमेंटलचा पूल: मुदत २० दिवस, व्हॉल्यूम ५ जीबींचे, संख्या ४०. कमाल २०० जीबी.

बेरीज २,८८० जीबी. चार टीबीच्या डिस्कवर हे बसते आणि वाढीला जागा उरते. यात काय सोडावे लागते तेही स्पष्ट समजून घ्या. गेल्या २० दिवसांतल्या कोणत्याही रात्रीची फाइल मिळेल. त्याआधीची, चाळीस दिवसांपूर्वीपर्यंतची, आठवड्यागणिक मिळेल आणि त्याहून मागे महिन्यागणिक. बहुतेक ऑफिसांना एवढे पुरते. तुमच्या कामात दीड महिन्यापूर्वीच्या मंगळवारची नेमकी फाइल लागत असेल, तर मुदती वाढवा आणि डिस्कही मोठी घ्या. पण हा निर्णय तुमचा असू द्या, नमुना फाइलवर सोडू नका.

कायद्यासाठी किती वर्षे ठेवायचे

'कायद्याने आठ वर्षे ठेवावे लागते' असे सांगून सगळ्याच डेटासाठी आठ वर्षांची जागा विकली जाते. नियम इतका ढोबळ नाही. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपनीच्या हिशेबवह्या मागच्या आठ आर्थिक वर्षांच्या ठेवाव्या लागतात. जीएसटी नोंदणी असलेल्याला त्याच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. हे दोन्ही नियम हिशेबाबद्दल आहेत. ऑफिसातल्या सगळ्या फोटोंना आणि ड्रॉइंगना ते लागू होत नाहीत.

म्हणून हिशेबाच्या फोल्डरसाठी वेगळा जॉब (बॅकअपचे एक ठरवून दिलेले काम) आणि वेगळा पूल ठेवा. हिशेबाचा डेटा २० जीबी धरला, तर वर्षाला एक पूर्ण प्रत याप्रमाणे चालू वर्षासह नऊ प्रती म्हणजे १८० जीबी. सगळ्या ५०० जीबींच्या नऊ प्रती ठेवल्या असत्या तर साडेचार टीबी लागले असते. एका वेगळ्या पूलने एक अख्खी डिस्क वाचते.

इथे एक सापळा आहे. बॅक्युलाच्या नमुना फाइलमध्ये क्लायंटच्या, म्हणजे ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या संगणकाच्या, नोंदीत फाइल रिटेन्शन ६० दिवस आणि जॉब रिटेन्शन ६ महिने असते. व्हॉल्यूमला आठ वर्षे दिली आणि हे आकडे तसेच राहिले, तर कॅटलॉगमधली नोंद आधीच पुसली जाते. दोन महिन्यांनंतर एखादी फाइल निवडून काढता येत नाही आणि सहा महिन्यांनंतर त्या जॉबचीच नोंद उरत नाही. नोंद गेली की व्हॉल्यूमही पुन्हा वापरायला मोकळे धरले जाऊ शकते. हिशेबाच्या पूलमध्ये फाइल रिटेन्शन आणि जॉब रिटेन्शन हे दोन्ही आकडे वेगळे लिहिता येतात आणि ते क्लायंटच्या आकड्यांवर मात करतात. ते लिहून घ्याच.

कंपनी असाल तर आणखी एक नियम ध्यानात ठेवा. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची बॅकअप प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून ती रोजची असावी लागते. ऑफिसातला बॅकअप सर्व्हर रोज रात्री चालत असेल, तर हे वेगळा खर्च न करता साधते.

डिव्हाइस किती आणि कसे लावायचे

एक डिव्हाइस एका वेळी एकच व्हॉल्यूम उघडते. रविवारी रात्री सर्व्हरचा जॉब एका पूलमध्ये आणि हिशेबाचा दुसऱ्या पूलमध्ये जाणार असेल, तर एका डिव्हाइसवर दुसऱ्याला थांबावे लागते. डिव्हाइस हा फोल्डरच असल्यामुळे आणखी एक वाढवायला पैसा लागत नाही, फक्त कॉन्फिगरेशनमध्ये ओळी वाढतात. दहा संगणकांच्या ऑफिसला तीन किंवा चार डिव्हाइस पुरतात. ती एका आभासी ऑटोचेंजरखाली एकत्र बांधली की स्टोरेज डिमन मोकळे असलेले डिव्हाइस स्वतःच निवडतो. त्यांपैकी एक नेहमी मोकळे राहील असे पाहा, म्हणजे बॅकअप चालू असतानाही एखादी फाइल परत काढता येते.

प्रत्येक डिव्हाइसच्या नोंदीत आर्काइव्ह डिव्हाइस म्हणजे फोल्डरचा मार्ग येतो. लेबल मीडिया 'यस' ठेवले की नवे व्हॉल्यूम आपोआप बनते. रँडम अ‍ॅक्सेस 'यस', रिमूव्हेबल मीडिया 'नो' आणि ऑल्वेज ओपन 'नो' ठेवायचे. मीडिया टाइपचे पथ्य मात्र काटेकोर पाळा. एकाच फोल्डरकडे पाहणाऱ्या सगळ्या डिव्हाइसांचा मीडिया टाइप एकच हवा आणि वेगळ्या डिस्कवरच्या फोल्डरचा वेगळा हवा. दोन डिस्कना एकच मीडिया टाइप दिला, तर परत काढताना बॅक्युला व्हॉल्यूम चुकीच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि 'मिळत नाही' म्हणतो. डेटा असतो, पण ऐन वेळी हाती लागत नाही.

माउंटची काळजी घ्या. बॅकअपची डिस्क काही कारणाने जोडली गेली नाही, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मूळ डिस्कवर शिल्लक असतो. बॅक्युला त्यातच लिहायला लागतो आणि सर्व्हरची मुख्य डिस्क भरून टाकतो. उपाय सोपा आहे: व्हॉल्यूमचा फोल्डर माउंटच्या जागी न ठेवता बॅकअप डिस्कवरच त्याच्या एक पायरी आत बनवा. डिस्क नसेल तर तो फोल्डरही नसेल आणि जॉब चूक दाखवून थांबेल.

बॅकअपचा फोल्डर नेटवर्कवर शेअर करू नका. शेअर केलेला फोल्डर रॅन्समवेअरला इतर फोल्डरांसारखाच उघडा मिळतो. बॅक्युलाला शेअरची गरजच नसते. तो ९१०१, ९१०२ आणि ९१०३ या पोर्टवरून स्वतः बोलतो आणि हे पोर्ट ऑफिसच्या आतच राहायला हवेत, इंटरनेटवर उघडे नकोत.

खर्चाचा तक्ता

खालचे आकडे मार्गदर्शक आहेत, कर धरून. डिस्कचे भाव वरखाली होत असतात, म्हणून किमान दोन कोटेशने घ्या.

एकदाच होणारा खर्च:

बॅक्युला आणि लिनक्स: ० रुपये.

बॅकअपचा संगणक: ८ जीबी रॅमचा जुना चालू संगणक असेल तर ० रुपये, रिफर्बिश्ड घेतला तर १२,००० ते २०,००० रुपये.

आतली ४ टीबी हार्ड डिस्क: १०,००० ते १५,००० रुपये. सतत लिहिण्यासाठी बनवलेली, सीएमआर प्रकारची घ्या. स्वस्त एसएमआर डिस्क लांबलचक लिहिण्यात मंदावते. वॉरंटीची वर्षे बिलावर लिहून घ्या.

ऑफिसबाहेर ठेवण्यासाठी २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क: मिळून १३,००० ते १७,००० रुपये.

यूपीएस: ४,००० ते ६,००० रुपये. व्हॉल्यूम लिहिताना वीज गेली तर तो जॉब वाया जातो आणि कॅटलॉगचा डेटाबेसही अडचणीत येऊ शकतो. यात काटकसर नको.

आठ पोर्टचा गिगाबिट स्विच: १,५०० ते २,५०० रुपये. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर ५०० जीबींचा पूर्ण बॅकअप अकरा तासांहून अधिक चालतो. गिगाबिटवर, डिस्कचा वेग साथ देत असेल तर, तेच काम दीड-दोन तासांत होते. या यादीत सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच आहे.

बसवणूक आणि कॉन्फिगरेशन: १०,००० ते २५,००० रुपये. सर्व्हर उभा करणे, दहा-अकरा संगणकांवर फाइल डिमन बसवणे, पूल आणि डिव्हाइस लिहिणे, पहिला पूर्ण बॅकअप डोळ्यांसमोर पाहणे, हे दोन-तीन दिवसांचे काम आहे.

जुना संगणक वापरून मधले आकडे धरले, तर १२,००० + १५,००० + ५,००० + २,००० + १५,००० = ४९,००० रुपये.

दरवर्षीचा खर्च:

वीज: ५० वॉटचा संगणक वर्षभर चालू ठेवला तर ४३८ युनिट. १२ रुपये दर धरला तर सुमारे ५,२५० रुपये.

देखभाल आणि दर तीन महिन्यांनी रिस्टोअरची चाचणी: १०,००० रुपये.

डिस्क बदलण्यासाठी तरतूद: तिन्ही डिस्कचे २७,००० रुपये चार वर्षांत विभागले तर वर्षाला ६,७५० रुपये.

बेरीज सुमारे २२,००० रुपये. पाच वर्षांचा एकूण खर्च १,५९,००० रुपये. अकरा यंत्रांवर विभागला तर यंत्रामागे वर्षाला २,९०० रुपयांच्या आसपास. तयार सॉफ्टवेअरचे कोटेशन आले की ते याच एका आकड्याशी ताडून पाहा. मात्र त्यात डिस्क आणि बसवणूक धरली आहे का, हेही विचारा. यंत्रे पाचच असतील तर हा आकडा दुपटीहून वर जातो आणि तेव्हा तयार सेवा स्वस्त पडू शकते. यंत्रे वाढली तर बॅक्युलाचे पारडे जड होत जाते, कारण विसाव्या संगणकालाही लायसन्स लागत नाही.

एक प्रत ऑफिसबाहेर

पीटर क्रोह या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम जगभर पाळला जातो: डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आग, पूर आणि चोरी यांच्यापुढे ऑफिसातल्या ऑफिसात ठेवलेल्या कितीही प्रती टिकत नाहीत.

स्वस्त मार्ग पोर्टेबल डिस्कचा. दोन डिस्क आलटून-पालटून वापरायच्या. एक ऑफिसात जोडलेली, दुसरी मालकाच्या घरी किंवा लॉकरमध्ये. बॅक्युलातला कॉपी जॉब एका पूलमधले बॅकअप वाचून दुसऱ्या पूलमध्ये लिहितो. त्यासाठी वाचायला एक आणि लिहायला एक अशी दोन डिव्हाइस लागतात, आणि पोर्टेबल डिस्कच्या डिव्हाइसचा मीडिया टाइप वेगळा ठेवावा लागतो. दोन ताजे पूर्ण बॅकअप, हिशेबाचा पूल आणि कॅटलॉगची प्रत एवढे २ टीबीमध्ये आरामात मावते. काम झाले की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क ही बाहेरची प्रत नव्हे. डिस्क ऑफिसबाहेर जाणार असल्यामुळे एन्क्रिप्शन लावून घ्या, आणि त्याची किल्ली त्याच डिस्कवर ठेवू नका.

क्लाउडचा पर्यायही पाहा. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात एसथ्री या साध्या साठवणीचा दर १ जीबीला महिन्याला ०.०२५ डॉलर आहे. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ५०० जीबींच्या एका प्रतीला महिन्याला १,१२५ रुपये आणि वर्षाला १३,५०० रुपये पडतात. वर १८ टक्के जीएसटी. दोन पोर्टेबल डिस्कच्या जवळपासचीच ही किंमत दरवर्षी द्यावी लागते. शिवाय डेटा परत आणण्याचे वेगळे पैसे लागतात: महिन्याच्या पहिल्या १०० जीबींनंतर १ जीबीला ०.१०९३ डॉलर, म्हणजे ५०० जीबी परत काढायला चार हजार रुपयांच्या आसपास. क्लाउडचा पुरवठादार कोणीही असो, ठेवण्याचा दर विचारताना परत घेण्याचा दरही विचारा. एखादा दिवस चुकला तरी चालणार नाही असा डेटा थोडा असेल, तर फक्त हिशेबाचा २० जीबींचा पूल क्लाउडवर आणि बाकीचे डिस्कवर, ही विभागणी सर्वात किफायतशीर ठरते.

कॅटलॉगची प्रत रोज घ्या आणि ती बाहेरच्या डिस्कवरही जाऊ द्या. व्हॉल्यूम शाबूत असून कॅटलॉग गेला, तर सगळी व्हॉल्यूम वाचून नोंदी पुन्हा बनवता येतात, पण त्यात दिवसच्या दिवस जातात आणि तंत्रज्ञाचे बिल वाढत राहते.

पैसे देण्यापूर्वी एवढे तपासा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. नियमित बॅकअप पाहायला गेले, तर डेटाबेसच्या आवृत्तीत फरक असल्यामुळे ते बनतच नव्हते. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी घेतलेली एक वेगळी प्रत हाताशी होती, तिच्यावर काम भागले. जगभरातले प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात, तिथे ही वेळ आली. तुमच्या ऑफिसात ती येऊ नये, म्हणून बसवून देणाऱ्याकडून या गोष्टी लेखी मागा.

प्रत्येक पूलचा आकार, संख्या आणि मुदत असलेला एक कागद, आणि त्यांचा गुणाकार डिस्कपेक्षा कमी असल्याचा हिशेब.

डायरेक्टर, स्टोरेज डिमन आणि कन्सोलच्या कॉन्फिगरेशन फाइलींची प्रत आणि पासवर्ड. हे तुमच्या मालकीचे आहे. तंत्रज्ञ बदलला तरी तुमचे काम अडता कामा नये.

जॉब चुकल्यावर ईमेल येते याचा पुरावा. एखाद्या संगणकाची नेटवर्कची वायर काढून रात्रीचा जॉब चालू द्या आणि सकाळी ईमेल आले का ते पाहा.

तीन चाचण्या: कालची एक फाइल परत आणणे, महिन्यापूर्वीचा एक फोल्डर परत आणणे, आणि पोर्टेबल डिस्कवरून दुसऱ्याच संगणकावर हिशेबाचा डेटा उघडून दाखवणे. दुसरी चाचणी महिना झाल्यावरच करता येते, म्हणून बसवणुकीचे काही पैसे तोपर्यंत राखून ठेवा.

वर्षातून एकदा डेटा किती वाढला ते पाहून पूलचे आकडे नव्याने मांडायचा करार. ५०० जीबींसाठी लिहिलेले आकडे ७०० जीबींना पुरत नाहीत.

कामाचा आगाऊ हप्ता द्या आणि मधला हप्ताही वेळेवर द्या. शेवटचा हप्ता मात्र तुमची फाइल तुमच्या डोळ्यांसमोर परत येऊन उघडल्यावरच द्या.